मामांची गाडी, मामांचीच पॉलिसी

वाचकाचं पत्र:

"काका, नमस्कार. आम्ही बडोद्यात समा भागात राहतो. मार्चमध्ये माझ्या मामेसासऱ्यांची २०१९ ची पेट्रोल गाडी आम्ही घेतली, ११९७ सीसीची. ते आता मुलाकडे पुण्याला राहायला गेले. गाडीला २०२२ मध्ये बाहेरून सीएनजी किट बसवलेलं आहे. आरसी माझ्या नावावर झाली. विमा २८ जूनला संपतोय. ह्यांचं म्हणणं, गाडी जुनी आहे, थर्ड पार्टी पुरे. दीर म्हणतात, घ्यायचं तर सगळं घ्या. एजंटने तीन कागद दिलेत. पहिला ४,४४४ रुपयांचा, नुसता थर्ड पार्टी. दुसरा ७,०४० चा, फुल विमा, गाडीची किंमत २ लाख ६० हजार धरून. तिसरा १२,०५५ चा, किंमत ३ लाख ४० हजार, शिवाय झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट वगैरे. मामा म्हणाले, माझा पन्नास टक्के बोनस आहे, तो तुला लागेल. गाडी हे मकरपुऱ्याला शिफ्टला नेतात, संध्याकाळी मी क्लासची चार मुलं घरी सोडते, पालक त्याचे थोडे पैसे देतात. विमा माझ्या क्लासच्या पैशातून भरायचा आहे, बारा हजारांच्या फार वर जमणार नाही. कुठला कागद घेऊ? तिन्ही कागदांचे आणि मामांच्या पॉलिसीचे फोटो सोबत पाठवते आहे."

ताई,

आधी मामांच्या पॉलिसीचा फोटो पुन्हा एकदा बघा. वरच्या चौकोनात विमाधारकाचं नाव आहे, ते अजून मामांचंच आहे. आरसी मार्चमध्ये तुमच्या नावावर झाली, पॉलिसी झाली नाही. गाडी विकली की घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. दुसऱ्याला लागलं, कुणाचं नुकसान झालं, तर त्यापुरतं संरक्षण कायद्याने गाडीबरोबर तुमच्याकडे आलेलं आहे. पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं काही झालं तर आज कंपनी म्हणेल, मामांची गाडी राहिली नाही आणि ताईंची पॉलिसी नाही, पैसे कुणाला द्यायचे? मार्चपासून तुमच्या गाडीवर फुल विमा आहे असं तुम्हाला वाटतंय, प्रत्यक्षात तो नाही.

म्हणून २८ तारखेची वाट पाहू नका. पाऊस तोंडावर आहे. या आठवड्यात तुमच्या नावाने नवीन पॉलिसी काढा. कंपनी गाडीची पाहणी करील, माणूस पाठवील नाहीतर मोबाईलवर व्हिडिओ मागवील. गाडी धुवून, दिवसाच्या उजेडात करा. आधीचा एखादा ओरखडा असेल तर तो लपवू नका, पाहणीत नोंदलेला असला की पुढे वाद होत नाही. नवीन पॉलिसी हातात आल्यावर तिची प्रत दाखवून मामांनी आपली रद्द करून घ्यावी.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मला जास्त खटकली. दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही कागदांवर एजंटने ५० टक्के एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, लावलेला आहे. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. क्लेम न करता एक वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०, असा तो गाडी सांभाळून चालवणाऱ्याच्या नावावर चढत जातो. गाडी विकली की बोनस विकणाऱ्याकडे राहतो. मामांनी मायेने सांगितलं, त्यांचा त्यात दोष नाही, बऱ्याच जणांचा हाच समज असतो. पण एजंटला हे ठाऊक असायलाच हवं. फॉर्मवर "मागच्या वर्षी क्लेम नव्हता, बोनस मला लागू आहे" असं लिहून तुमची सही घेतली जाते. हप्ता भरताना कुणी काही विचारत नाही. क्लेम आला की कंपनी आधीच्या कंपनीकडून खात्री करून घेते, तिथे बोनस दुसऱ्याच्या नावाचा निघतो आणि स्वतःच्या गाडीचा सगळा क्लेम अडकतो. मी तीसेक वर्षं मोटार सर्व्हेअर म्हणून, म्हणजे क्लेमच्या गाड्यांचं नुकसान तपासायचं, काम केलं. लोक दारू पिऊन चालवण्याबद्दल, लायसन्सबद्दल सावध असतात, पण न मिळणारा बोनस घेऊन बसल्यामुळे हात चोळत राहिलेली साधी, प्रामाणिक माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. तुमच्या कागदावर एनसीबी शून्य हवा. त्यामुळे हप्ता वाढेल, आणि तो बारा हजारांत कसा बसवायचा ते मी पुढे मांडून दाखवतो.

तुमच्या यजमानांचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते चुकीचं आहे असं मला सरसकट म्हणायचं नाही. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि तो स्वस्त असला तरी सगळ्यात मोठा विमा तोच आहे. तुमच्या गाडीने कुणाचा जीव गेला किंवा कुणी कायमचं अपंग झालं तर न्यायाधिकरण जी रक्कम ठरवील ती कंपनी भरते, तिला वरची मर्यादा नाही. समोरच्याच्या मालमत्तेचं नुकसान मात्र साडेसात लाखांपर्यंतच. याचा दर सरकार ठरवून देतं, कंपनीला त्यात कमी-जास्त करता येत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या गाडीला २,०९४, १५०० पर्यंतच्या गाडीला ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७ रुपये. तुमच्या तिन्ही कागदांवर ३,४१६ ची ओळ सारखीच आहे, ती पडताळून पाहा. म्हणजे "आमची कंपनी थर्ड पार्टीत स्वस्त आहे" असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा.

पण यजमानांच्या हिशेबात गाडीत बसलेली माणसं राहून गेली आहेत. ते स्वतःही. नुसता थर्ड पार्टी विमा घेतला तर तुमच्याच चुकीने गाडी दुभाजकावर चढली आणि आत बसलेल्या सासूबाईंना लागलं, तर त्या "तिसरा पक्ष" धरल्या जातीलच असं नाही, बहुतेकदा धरल्या जात नाहीत. फुल म्हणजे पॅकेज पॉलिसीत मात्र गाडीत बसलेल्या माणसांची जबाबदारी कंपनीवर येते, असा खुलासा विमा नियामकाने २००९ मध्ये केलेला आहे. हे मी प्रत्येक घरात सांगतो. फुल विमा म्हणजे पत्र्याचा विमा असं लोक समजतात, आत बसलेल्यांचाही त्यात विचार आहे हे कुणी सांगत नाही.

आणि कागदावरच्या १५ लाखांच्या अपघात विम्याचंही नीट समजून घ्या. त्याचं नाव मालक-चालक अपघात विमा. मालक तुम्ही आहात, आरसी तुमच्या नावावर आहे, म्हणून तो तुमच्यासाठी. तुमच्या गाडीच्या कागदावर त्याचे ३५० रुपये आहेत. पण मकरपुऱ्याचा रस्ता रोज कोण कापतं? तुमचे यजमान. ते गाडीचे मालक नाहीत आणि तिसरा पक्षही नाहीत. त्यांना काही झालं तर हा १५ लाखांचा आकडा त्यांच्या कामाचा नाही. त्यांनी स्वतःच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी. ती गाडीच्या विम्याबाहेर आहे, महाग नसते, आणि स्कूटरवर, बसमध्ये, रस्त्याने चालतानाही लागू पडते. फॅक्टरीत गट विमा असेल तर आधी तो कितीचा आहे ते विचारा.

आता तुमचे दीर. त्यांचं "सगळं घ्या" मला पटत नाही. विम्याचा माझा हिशेब असा की जे नुकसान घरखर्च सांभाळून सोसता येतं ते आपण सोसायचं, आणि जे सोसताना क्लासची फी, मुलांची शाळा, सोनं सगळं पणाला लागेल ते कंपनीच्या गळ्यात घालायचं. बंपरला टवका गेला, आरसा तुटला, तर दोन महिने चिडचिड होईल आणि निभेल. गाडीच गेली तर? समोरच्या घरातला कर्ता माणूस गेला तर? हप्त्याचा पैसा तिथे लागला पाहिजे.

समामध्ये राहणाऱ्या माणसाला गाडी कशाने जाते हे मी सांगायला नको. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस पडला तो तुम्ही पाहिला असेल. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीने काळा घोडा पुलापाशी २५ फुटांची धोक्याची खूण केव्हाच ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. मगरी सोसायट्यांत आल्या होत्या. त्यानंतरचे कित्येक दिवस मी सकाळी सातला घरून निघायचो आणि पार्किंगामागून पार्किंग बघायचो.

त्यातलं एक सांगतो. नदीकडच्या एका सोसायटीत शेजारी शेजारी दोन गाड्या उभ्या होत्या, एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, फक्त रंग वेगळा. दोन्ही गाड्यांत गाळाची रेघ स्टीअरिंगच्या खाली चार बोटं. ही रेघ पुसून काढतात लोक, म्हणून आम्ही सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघतो. आतल्या गुंडाळीत जिथवर माती, तिथवर पाणी, बेल्ट कुणी धूत नाही. पहिल्या गाडीच्या आजोबांनी पाणी ओसरल्यावर गाडीला हातही लावला नव्हता. बॅटरीची तार सोडवून ठेवली होती आणि टोइंगवाल्याची वाट बघत बसले होते. मी ऑइलची काठी ओढली, ऑइल काळं आणि स्वच्छ. दुसऱ्या गाडीच्या मुलाने "चालू होते का बघू" म्हणून चावी फिरवली होती, एकदा नव्हे, चार-पाचदा. त्याची काठी ओढली तर वर दुधाळ चहासारखा फेस. एअर फिल्टर पिळला तर पाणी गळलं. गॅरेजमध्ये इंजिन उघडल्यावर कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो तेव्हा मध्ये पाणी अडकलेलं असतं, मग काहीतरी वाकणार, आणि वाकतो तो रॉड.

दोघांकडेही फुल विमा होता. पुराचं नुकसान फुल विम्यात असतंच, वायरिंग, सीट, गालिचे, साफसफाई. पण चावी फिरवल्याने झालेलं इंजिनचं नुकसान कंपनी "पुरामुळे" धरत नाही, मागून ओढवलेलं नुकसान म्हणून ते बाजूला काढते. इंजिन प्रोटेक्ट असतं तर त्याला आधार मिळाला असता, ते त्याने घेतलेलं नव्हतं. त्या मुलाने मला विचारलं, "काका, मी चूक केली हे मला कुणी सांगितलं होतं का?" त्याला उत्तर देणं मला जड गेलं, कारण कुणीच सांगितलेलं नव्हतं. तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगतो. पाण्यातून निघालेल्या गाडीला चावी लावू नका. बॅटरी काढता आली तर काढा, फोटो घ्या, कंपनीला कळवा, गाडी ओढून न्या. इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं असलं तरी हेच करा. जाणूनबुजून किंवा हयगय करून नुकसान वाढवलं तर त्यातही कात्री लावणाऱ्या अटी असतात.

म्हणून तुमच्या तिसऱ्या कागदावरची ९०० रुपयांची इंजिन प्रोटेक्टची ओळ ठेवायची. पाच वर्षांवरच्या गाडीला काही कंपन्या ते देत नाहीत, तुमची देतेय हे बरं आहे. टोइंगसाठी रस्त्यावरच्या मदतीचे १५० रुपये आहेत, तेही ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये टोइंगवाले मागतील ती रक्कम लोक देत होते.

पुढचा प्रश्न पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीचा, म्हणजे आयडीव्हीचा. नवीन गाडीचा घसारा, म्हणजे वयाप्रमाणे किमतीत धरलेली घट, ठरलेला असतो. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४०, ५०. पाच वर्षांनंतर कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायचं. म्हणून एजंट कधी २ लाख ६० हजार लिहितो, कधी ३ लाख ४० हजार. खालची किंमत धरली की हप्ता कमी दिसतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, आणि तेव्हा हाच आकडा तुमच्या हातात येतो. पुरात पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलं की आतलं वायरिंग, कंट्रोल युनिट, सीट, सगळं मिळून आकडा लाखांत जायला वेळ लागत नाही. तशा दिवशी २ लाख ६० हजार घेऊन तुम्हाला तशीच दुसरी गाडी मिळेल का? दोन-तीन जुन्या गाड्यांच्या दुकानांत फोन करून २०१९ ची, तेवढीच चाललेली गाडी कितीला मिळते ते विचारा. मामांना तुम्ही किती दिले तेही धरू नका, नात्यातला भाव वेगळा असतो. बाजारात जी किंमत निघेल तिच्या जवळचा आयडीव्ही घ्या. मला ३ लाख ४० हजारांचा आकडा जास्त खरा वाटतो. बाजारभावाच्या वर मात्र जाऊ नका, जास्त लिहून घेतल्याने जास्त मिळेल या भरवशावर राहू नका.

झिरो डेप, म्हणजे पार्टवर घसारा न कापता भरपाई, मी तुम्हाला सोडायला सांगणार आहे, आणि तुमचे दीर नाराज होतील, म्हणून आकडे देतो. साध्या फुल विम्यात बदललेल्या पार्टवर घसारा कापतात. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के. लोखंडी पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. काचेवर काहीच कापत नाहीत, मजुरीवरही नाही. समजा पुढून ठोकर बसली. बंपर ६ हजार, बॉनेट ९ हजार, पुढची काच ५ हजार, मजुरी ४ हजार. एकूण २४ हजार. बंपरचे ३ हजार मिळतील, बॉनेटचे ५,४००, काच आणि मजुरी पूर्ण. म्हणजे १७,४००. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेमला १ हजार सक्तीने कापले जातात, ते वजा जाऊन १६,४००. रंगाच्या सामानाच्या किमतीलाही निम्म्याची कात्री असते, ते इथे सोडून देतो. झिरो डेपने वाचले असते ते ६,६००. तुमच्या कागदावर झिरो डेपचे १,९०० आहेत, जीएसटी धरून २,२४२. तीन वर्षांत ६,७२६. दर तीन वर्षांनी अशी एक ठोकर बसली तरच बरोबरी. आणि पुरासारखं मोठं नुकसान झालं तर गाडी बहुधा टोटल लॉसमध्येच जाईल, तिथे घसाऱ्याचा संबंध उरत नाही. नव्या गाडीला मी हेच झिरो डेप डोळे मिटून घ्यायला सांगतो. तुमच्या गाडीला नको.

चावीचा विमा, ऑइल-कूलंटसारख्या सामानाचा विमा, हेही सोडा.

उलट, कंपनीला एक विचारा. ऐच्छिक कपात घेतली तर किती सूट? म्हणजे दर क्लेममधले सक्तीच्या १ हजारावर आणखी ५ हजार मी सोसेन, मला हप्ता कमी करा. जुन्या दरपत्रकात ५ हजारांच्या कपातीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के सूट आणि ती जास्तीत जास्त १,५०० रुपये अशी होती. आता कंपन्या थोडंफार वेगळं करतात, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. वरच्या उदाहरणात तुमच्या हातात १६,४०० ऐवजी ११,४०० येतील, हे मनाशी धरून ठेवा. छोट्या कामाला तुम्ही क्लेमच करणार नाही, आणि ते चांगलंच आहे, कारण पुढच्या वर्षापासून तुमचा स्वतःचा बोनस सुरू होईल.

आता सीएनजी किट. तिन्ही कागदांवर इंधन "पेट्रोल" लिहिलंय, किटचा उल्लेखच नाही. बडोद्यात निम्म्या गल्लीत सीएनजी गाड्या आहेत, म्हणून याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आधी आरसी बघा, तिथे "पेट्रोल/सीएनजी" असं आहे का. नसेल तर दरजीपुऱ्याला आरटीओत जाऊन ते करून घ्यायला हवं, नोंद नसलेलं किट गाडीत असणं हे क्लेम अडवायला पुरेसं कारण होतं. आरसीवर असेल तर पॉलिसीतही किटची आजची किंमत लिहून घ्या. मी २५ हजार धरतो. त्यावर साधारण ४ टक्के, म्हणजे १ हजार, आणि थर्ड पार्टीत ६० रुपये. शिवाय सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. २०२२ चं किट आहे, तेव्हा ती तारीख उलटून गेलेली आहे. मामांनी केली असेल तर प्रमाणपत्र मागून घ्या, नसेल तर विम्याआधी ते काम करा. हे पैशाचं नाही, त्या गाडीत चार मुलं बसतात.

त्या मुलांबद्दल. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण मी दोनदा वाचलं. खासगी गाडीचा विमा भाडं घेऊन माणसं नेण्यासाठी नसतो. पालक "पेट्रोलला" म्हणून देतात, तुमच्या मनात धंदा नाही, हे मला कळतं. अपघात झाला, कुणा पालकाने तपासात "महिन्याला इतके देत होतो" असं सांगितलं, की कंपनी तेवढंच धरून बसेल. पैसे घेणं थांबवा, किंवा मुलांसाठी परमिटच्या व्हॅनची सोय करा. क्लासची फी थोडी वाढवून मुलांना फुकट सोडणं हाही मला आडमार्ग वाटतो, तो सुचवणार नाही.

आता बेरीज. तिसऱ्या कागदावर स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ५,८०० आहे, आयडीव्ही ३ लाख ४० हजारांवर. एनसीबी शून्य. ऐच्छिक कपातीची २५ टक्के सूट मिळाली तर १,४५० कमी, राहिले ४,३५०. किटचे १ हजार, इंजिन प्रोटेक्टचे ९००, टोइंगचे १५०. ६,४०० झाले. थर्ड पार्टी ३,४१६ अधिक ६०. तुमचा अपघात विमा ३५०. एकूण १०,२२६, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२,०६७. तुम्ही सांगितलेल्या आकड्यात बसतं. तिसऱ्या कागदाएवढेच पैसे, पण त्या कागदावरचा क्लेम अडकला असता, हा टिकेल. हाच तपशील लिहून तीन कंपन्यांकडे भाव मागा. थर्ड पार्टी सोडून बाकीच्या ओळींत पुष्कळ फरक पडतो. भाव मागताना बडोद्यात तुमच्या घराजवळच्या कुठल्या गॅरेजात कॅशलेस चालतं तेही विचारा, पुराच्या वेळी अहमदाबादला गाडी नेणं कुणाला जमत नाही.

पॉलिसी आल्यावर नाव, आरसीचा जीजे-०६ पासूनचा पूर्ण नंबर, इंजिन आणि चासी नंबर, सीएनजी, एनसीबी शून्य, या ओळी बोट ठेवून वाचा. चूक असेल तर त्याच दिवशी मेल करून दुरुस्ती मागा. पुढेमागे क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा, महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर अहमदाबादला विमा लोकपालांचं कार्यालय आहे, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

राहिले मामा. त्यांना "तुमचा बोनस मला चालत नाही" असं सांगायला तुम्ही बिचकाल, म्हणून फोन करण्याआधी हे लक्षात ठेवा. त्यांचा पन्नास टक्के बोनस वाया जात नाही. गाडी विकल्याचा कागद आणि पॉलिसी देऊन ते आपल्या कंपनीकडून एनसीबीचं प्रमाणपत्र घेऊ शकतात. ते तीन वर्षं चालतं. पुण्यात त्यांनी स्वतःच्या नावाने दुसरी गाडी घेतली तर तिच्या पहिल्याच हप्त्याला लागेल. त्यासाठी जुनी पॉलिसी आधी रद्द व्हायला हवी, आणि ती तुमची नवीन आल्यावरच होते. म्हणजे त्यांचंही काम तुमच्यावर अडलंय. सिलिंडरच्या प्रमाणपत्राचं त्याच फोनवर विचारा.

तुमचा,
काका

ता. क. पाऊस जोर धरायला लागला की गाडी सोसायटीच्या खालच्या पार्किंगमध्ये ठेवू नका. समाकडून उंचावरच्या रस्त्यावर कुणा नातलगाच्या दारात दोन दिवस उभी करता येईल का, ते आताच बोलून ठेवा. पाणी आल्यावर गाडी काढायला कुणीही खाली जायचं नाही, यजमानांनीही नाही.